कुंपणापाशी पुरलेला डबा

चिनूकचा उबदार वारा सुटला की आमच्या कॅलगरीत माणसं माणसांना दिसायला लागतात. रात्री उणे २२ होतं म्हणून पांघरुणात मुटकुळं करून झोपावं, आणि सकाळी उठून पाहावं तर छपराच्या पागोळ्या गळताहेत. पश्चिमेला डोंगरांवर ढगांची कमान, तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी, पारा शून्याच्या वर ८-९. अशा दिवशी जो तो काहीतरी निमित्त काढून मागच्या अंगणात येतो. मी कचऱ्याची पिशवी काढली होती.

पाहते तर कुंपणापलीकडे शेजारचे भाऊजी बर्फाच्या ढिगात गुडघाभर उभे. हातात तीन मीटरची बारीक काठी. काठी खुपसायची, उपसायची, वीतभर सरकायचं, परत खुपसायची. वहिनी पायरीवर चहाचा कप घेऊन देखरेखीला.

"काय हो वहिनी, भाऊजींची अंगठी हरवली का?"

"अंगठी कसली ताई, डबा पुरलाय. चिवड्याचा."

मी कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. आता काही ती लवकर डब्यात जाणार नव्हती.

तर झालं होतं असं. भाऊजी स्कीला गेले होते हे मला माहीत होतं. मला वाटलं, बॅन्फकडे जातात तसे गेले असतील, लिफ्टनं वर, घसरत खाली, संध्याकाळी घरी. पण हे प्रकरण आठवड्याचं निघालं. गोल्डनला जायचं, म्हणजे आपल्याकडून ट्रान्स-कॅनडा हायवेनं २६० किलोमीटर, आणि तिथून हेलिकॉप्टरनं सेलकर्क पर्वतात. झाडं संपतात त्या उंचीवर एक लॉज. त्याला ना रस्ता, ना शेजार. शनिवारी जुनी माणसं उतरतात, नवी चढतात, आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत कुणी कुठे जात नाही.

"पैशांचं विचारूच नका," वहिनी म्हणाल्या आणि लगेच सांगून टाकलं. साडेतीन हजार डॉलर. "एवढ्यात आम्ही दोघं साताऱ्याला जाऊन आलो असतो." नसते आले, डिसेंबरच्या तिकिटांत तर नाहीच. पण कुंपणावर मांडलेला हिशेब तपासायचा नसतो.

"हेलिकॉप्टरात चढायच्या आधी सामानाचं वजन केलं. ते ठीक. पण माणसांचंही केलं! ह्यांना बूट घालून काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला, बारा जणांसमोर. अठ्ठावीस वर्षं मी तो आकडा विचारतेय."

"बूट जड असतात," ढिगातून आवाज आला.

उतरल्यावरही पळायचं नाही म्हणे. तिथेच सामानाच्या राशीशी गुडघे टेकून, टोपी धरून, मान खाली घालून बसायचं. ते धूड डोक्यावरून उडून जाईपर्यंत हलायचं नाही. स्की खांद्यावर घ्यायच्या नाहीत, कमरेखाली आडव्या धरायच्या. आणि शेपटीकडे तर फिरकायचंच नाही, तिथला पंखा फिरताना डोळ्यांना दिसतच नाही. मग आवाज दूर गेला की इतकं शांत होतं म्हणे, की आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. हे शेवटचं भाऊजींचं. वहिनींनी ते सांगताना डोळे फिरवले.

"पण वर लिफ्ट नाही?" मी विचारलं.

"हाच तर विनोद आहे ताई. लिफ्ट नको म्हणून तर पैसे दिले!"

मग त्यांनी आत जाऊन एक लांबलचक पट्टा आणला आणि कुंपणावर सोडला, धुतलेली ओढणी वाळत घालावी तसा. त्याला स्किन म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत कातडं. पूर्वी खरोखरच सील माशाचं असायचं ("मासा नाही तो," ढिगातून), आता अंगोरा शेळीच्या लोकरीचं आणि नायलॉनचं. मी हात फिरवला. एका दिशेनं मांजराच्या पाठीसारखं मऊ, उलट फिरवला तर तळहाताला अडतं. स्कीच्या तळाला हे चिकटवायचं की स्की पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. मागच्या बाजूला गोंद. त्या गोंदावर वहिनींच्या गालिच्याची निळी लव चिकटली होती, त्यावरून घरात जे झालं असेल ते मी विचारलं नाही.

चढताना बुटाची टाच मोकळी, पावलागणिक उचलते. माथ्यावर पोचलं की कातडं सोलून काढायचं, गोंदाला गोंद लावून घडी करायची, कोटाच्या आत छातीशी ठेवायची, नाहीतर गोंद गारठून पुढच्या चढाला चिकटत नाही. टाच कुलूपबंद करायची आणि उतरायचं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन बाजूंनी दोन खाचा असतात, त्यांत चिमट्यासारख्या दोन पिना बसतात, बस्स, एवढ्यावरच माणूस. भाऊजी इंजिनिअर, त्यामुळे इथे त्यांनी काठी खुपसणं थांबवलं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल नावाच्या गृहस्थानं ही युक्ती काढली, कारण काय तर जुन्या जड बांधण्या घालून चढायचा त्याला कंटाळा. "आळशी माणसाच्या डोक्यातूनच..." असं ते सुरू करणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तुम्ही डबा शोधा."

"चार तास चढायचं ताई, आणि वीस मिनिटांत खाली. की परत कातडं लावा आणि परत वर. दिवसाला बाराशे मीटर! हे म्हणतात, राजगड दोनदा चढल्यासारखं."

"गुंजवण्याकडून," भाऊजी.

राजगड आला की आम्ही दोघी घाईनं विषय बदलतो. कॉलेजात असताना त्यांनी पावसाळ्यात एकट्यानं काय काय केलं ते सगळ्या महाराष्ट्र मंडळाला पाठ आहे. अमुक वाट बंद होती तरी मी गेलो, तमुक गावातल्या म्हाताऱ्यानं नको म्हटलं तरी गेलो. भाऊजींच्या सगळ्या गोष्टींत शेवटी कुणीतरी नको म्हणतं आणि हे जातात.

आणि इथेच वहिनी कुंपणावर कोपर रोवून पुढे झुकल्या. म्हणजे आता खरी बातमी.

"ताई, गाइड कोण होती माहितीये? एक पोरगी. आपल्या मुलांच्या वयाची. आणि हे सात दिवस तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. चहात साखर कमी घ्या म्हटलं तर मला कागद दाखव म्हणणारा हा माणूस! तिनं म्हणायचं, आता खा, की खायचं. आता कोट काढा, घाम येईल, की काढायचा. एकेकानं उतरा, बाकीचे इथेच उभे राहा, की हे उभे. माझ्या ट्रॅकच्या उजवीकडेच राहा, डावीकडे जायचं नाही. नाही गेले!"

ती पोरगी काही अशीतशी नव्हे. इथे गाइड व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं, परीक्षांवर परीक्षा, आणि १९६३ पासून त्यांची संघटना आहे. ही परंपराच जुनी. १८९९ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं आपल्या हॉटेलातल्या पाहुण्यांना डोंगर दाखवायला स्वित्झर्लंडहून गाइड आणले, ते ह्याच सेलकर्कमध्ये. पुढे त्यांच्या कुटुंबांसाठी गोल्डनला स्विस वळणाची घरं बांधून दिली. हायवेवरून जाताना मी ती पाहिली आहेत. लाकडी, उतरत्या छपराची, टेकडीवर जरा अवघडून उभी असल्यासारखी.

रोज सकाळी आपण लापशी खात असताना ती बाई हवामान, वारा, रात्रीत पडलेला बर्फ हे सगळं वहीत मांडून बसलेली. आणि रोज संध्याकाळी आपण काय पाहिलं ते इतर लॉजांना, हेलिकॉप्टरवाल्यांना, रस्तेवाल्यांना कळवायची, त्यांचं आपण वाचायचं. १९९१ पासून चाललंय हे. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे लोक, पण डोंगर कुठे फुटला ते लपवत नाहीत. भाऊजींना ह्या गोष्टीचं फार कौतुक. ते तेल कंपनीत तीस वर्षं काढलेले आहेत.

चौथ्या दिवशीची गोष्ट मात्र वहिनींनी नवऱ्यालाच सांगायला लावली. ते काठी ढिगात तशीच उभी ठेवून कुंपणाशी आले.

"आभाळ लख्ख होतं. आठवड्यातला पहिला सूर्य. खिंड समोर दिसतेय, शंभरेक मीटर राहिली. पलीकडे हिमनदी. त्यासाठीच तर आलो होतो. ती थांबली, आणि एका कडेला फावड्यानं खड्डा खणला."

खड्ड्याची भिंत गुळगुळीत केली की बर्फाचे थर दिसतात, चिरोट्याला पदर दिसावेत तसे. त्यातला एक चौकोनी खांब कापून मोकळा करायचा, तीस सेंटिमीटर बाय तीस. त्याच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापटायचं. पहिल्या दहा थापा नुसत्या मनगटातून. पुढच्या दहा कोपरातून. शेवटच्या दहा खांद्यातून. भाऊजींनी कुंपणाच्या फळीवर करून दाखवलं. मनगटाच्या थापेला फळीवरचं पाणी उडालं. कोपराच्या दुसऱ्या थापेला ते थांबले.

"बाराव्याला गेला. नुसता मोडला नाही. टेबलाचा ड्रॉवर ओढावा तसा वरचा भाग सरळ सरकून बाहेर आला. तिनं हाताच्या मोज्यावर तिथला चिमूटभर बर्फ घेऊन आम्हाला दाखवला. पिसं होती. नखाएवढी, चमचमणारी."

निरभ्र, गारठलेल्या रात्री हवेतली वाफ थेट बर्फावर गोठते आणि अशी पिसं उगवतात. दिसायला देखणी. पण त्यावर नवा बर्फ पडला की ती उभ्यानंच गाडली जातात आणि आठवडेच्या आठवडे आत तशीच राहतात. वरच्या हातभर बर्फाचा सगळा भार त्या पिसांवर. माणसाचं वजन योग्य जागी पडलं की पिसं मोडतात आणि उतारच्या उतार एकदम सुटतो. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीला मजाही नेमकी तिथेच येते. खिंडीखालचा तो उतार तिनं मोजला, छत्तीस.

"मग?"

"म्हणाली, आज नाही. इथून मागे फिरू, झाडांतून उतरू."

"आणि तुम्ही?"

भाऊजींनी कुंपणावरचं कातडं उगाचच सरळ केलं. "मी म्हटलं, ओके."

"ओके!" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "अठ्ठावीस वर्षांत मी हा शब्द ऐकला नाही ताई."

मला विचाराल तर साडेतीन हजार त्या 'आज नाही'चेच. चढायला पाय आपले, लापशी घरीही होते. पण लख्ख उन्हात, खिंड शंभर मीटरवर असताना, पैसे मोजलेल्या बारा लोकांच्या तोंडावर ते दोन शब्द म्हणायला वेगळंच माणूस लागतं. आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याच बारा जणांच्या समोर बसायचंही असतं.

हे मी बोलले नाही. आणखीही एक बोलले नाही. आम्ही इथे आलो त्याच्या पाचव्या वर्षीची गोष्ट, २००३. एक फेब्रुवारीला रॉजर्स पासजवळ कॉनॉट क्रीकमध्ये आपल्याच शहराजवळच्या एका शाळेची दहावीची मुलं स्की करत चालली होती. मुलं आणि शिक्षक मिळून सतरा जण. वरून स्खलन आलं, सात मुलं गेली. जवळच असलेल्या दोघा गाइडांनी धावत येऊन बाकीच्यांना उकरलं म्हणून निदान ती परत आली. माझा थोरला तेव्हा नववीत. ते कुणी विसरलेलं नाही. पण त्याच्या बाराच दिवस आधी ह्याच सेलकर्कमध्ये असाच लॉजवरचा आठवडा, अशीच गाइडबरोबर गेलेली माणसं, आणि तिथेही सात, हे वहिनींना ठाऊक नसावं. त्या २००९ मध्ये आल्या. कशाला सांगायचं? भाऊजींना ठाऊक आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते ढिगातल्या काठीकडे बघत होते.

"आणि तिथे रॉजर्स पासला म्हणे पूर्वी रेल्वेची माणसं मेली," वहिनीच म्हणाल्या. "जेवताना गाइडनं सांगितलं. एक बर्फाची दरड कोसळलेली साफ करत होते रात्रीचे, आणि समोरच्या डोंगरावरून दुसरी आली." ४ मार्च १९१०. ५८ माणसं. त्यांतले ३२ जपानी मजूर. सहा वर्षांनी रेल्वेनं खिंड सोडली आणि डोंगराच्या पोटातून बोगदा काढला. आता त्या खिंडीतून हायवे जातो आणि हिवाळ्यात सैन्याची माणसं तोफा लावून वरचा बर्फ आधीच पाडतात. सुट्टीत गाडीतून जाताना आपण तिथे चिप्स खात असतो.

बाकी लॉजचं म्हणाल तर फारसं सांगण्यासारखं नाही. चुलीभोवती दोऱ्या, त्यांवर बारा जणांची चोवीस कातडी वाळत. संडास बाहेर, रात्री डोक्याला दिवा बांधून जायचं. बाष्पस्नानाची खोली, तिथून निघून लोक बर्फात लोळतात, भाऊजी लोळले नाहीत असं ते म्हणतात. बरोबर नेलेला चिवडा दुसऱ्या दिवशीच संपला, एका जर्मन जोडप्यानं खाल्ला. आणि बुटांच्या आतली ओली अस्तरं रोज वाळवायची ती सवय इतकी लागली की आता घरीसुद्धा हीटरच्या जाळीवर ती ठेवलेली, आणि सगळ्या दिवाणखान्यात तो वास.

"शनिवारचं सांगा की," मी वहिनींना म्हटलं. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरातले सगळे दिवे लागलेले मी पाहिले होते.

"काय सांगायचं? दुपारी येतो म्हणाले होते. चार वाजले, पाच वाजले. मग सॅटेलाइटवरून निरोप. तीन शब्द. 'ढग आहेत. उद्या.' ढग आहेत! मी काय इथे मेघदूत ऐकायला बसले होते?"

हेलिकॉप्टरला समोर दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर ते येत नाही. ह्यातही तेच, कुणीतरी पायलट 'आज नाही' म्हणाला. रविवारी अकराला ढग उठले.

"आल्यावर मी एवढंच म्हटलं, पुढच्या वर्षी जायचं तर जा. पण ते छातीला बांधता ना यंत्र, ते कसं शोधतात ते मला आधी शिकवा."

म्हणून हा डबा. त्या यंत्राला बीकन म्हणतात, पाकिटाएवढं. सकाळी न्याहारीपासून परत येईपर्यंत अंगावर. ४५७ किलोहर्ट्झवर सतत सिग्नल टाकत असतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपली यंत्रं शोधण्यावर फिरवायची. गाडलेल्याला दहा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर थोडेच. बाहेरून मदत यायला तेवढा वेळ नसतोच, जे बरोबर असतील त्यांनीच काढायचं. भाऊजींनी ऑफिसातल्या मित्राचा बीकन उसना आणला, ओला होऊ नये म्हणून चिवड्याच्या डब्यात घातला आणि वहिनींचे डोळे मिटवून ढिगात पुरला.

आणि मग सापडेना. वहिनी आपलं यंत्र धरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. यंत्र मुकं. मग भाऊजी फिरले. पुरला कुठे ती जागा त्यांनाच आठवेना, कारण वरून बर्फ सारखा करून खुणा पुसल्या होत्या, अगदी मन लावून. आतमध्ये मित्राचे चारशे डॉलर.

"डबा कसला होता?" मी विचारलं.

"चिवड्याचा."

"तसं नाही. स्टीलचा?"

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. वहिनींनी कप पायरीवर ठेवला. "अहो, स्टीलच्या डब्यात मोबाइलला तरी रेंज येते का?"

आठवडाभर त्या पोरीनं बजावलं होतं, बीकनजवळ फोन नको, चाव्या नकोत, धातू नको. ह्यांनी फोन काढला होता.

पुढच्या दहा मिनिटांत काठी टण्ण वाजली. डबा निघाला. मी आत जाऊन श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आले, आपल्याकडे तो नाही असं घर नाही. ह्या वेळी वहिनींना खरंच घरात पाठवलं, भाऊजींनी पुरला, मी घड्याळ धरलं.

वहिनी बाहेर आल्या. यंत्र छातीशी धरून, पावलं मोजत. पडद्यावर बाण आणि आकडा. बाण सरळ नेत नाही, वळसा घालत नेतो, त्यामुळे त्या आधी माझ्या कुंपणाकडे आल्या, मग वळल्या. अकरा. सात. चार. खाली बसून यंत्र बर्फाला घासत आडवं, उभं. दोन. एक पूर्णांक काहीतरी. भाऊजी काही बोलले नाहीत. काठी घेतली. एकदा, दोनदा, पाचव्यांदा मऊ काहीतरी लागलं. काठी तशीच ठेवून त्या फावड्यानं उतरणीच्या बाजूनं उकरायला लागल्या, आणि तिथे खरा वेळ गेला. चिनूकनं वरचा बर्फ ओला केला होता, आतला दगड झाला होता. शेवटी शेवटी फावडं टाकून त्यांनी हातानं ओरबाडलं.

डबा वर आला. मी घड्याळ दाखवलं. नऊ मिनिटं चाळीस.

वहिनींनी बीकन बाहीला पुसला, दिवा लागतोय की नाही ते पाहिलं, परत डब्यात घातला आणि झाकण दाबून भाऊजींच्या हातात दिला.

"आता जरा खोल पुरा."